फेकून द्यायच्या तुकड्यातलं एक अक्षर

शेजारच्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी, म्हणून घरात वर्षभर बीट आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या. शेवटी तपासणीत थॅलेसेमिया मायनर निघाला, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराची ती नुसती वाहक आहे. जनुकीय अहवालात एकच ओळ होती: आयव्हीएस १-५, जी ऐवजी सी. तिच्या आईने विचारलं, "हे काय हो?"

आपल्या सोलापुरात जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, तिच्यावरून चादरीची नक्षी उतरते. समजा, मधले काही पुठ्ठे काढून बाकीचे परत शिवायचेत. एक पुठ्ठा जरी कमी-जास्त झाला तरी फूल बिघडणार. पेशी हेच काम आरएनएवर करते. डीएनएवरून निघालेल्या या नकलेतले मधले नको असलेले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापायचे आणि ठेवायचे तुकडे, म्हणजे एक्झॉन, जोडायचे, याला स्प्लायसिंग म्हणतात. जनुकं अशी तुकड्यातुकड्यांची असतात हे १९७७ मध्ये कळलं. त्यासाठी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना १९९३ चं नोबेल मिळालं.

पण कापायचं कुठे? इंट्रॉन बहुधा 'जीयू'ने सुरू होतो आणि 'एजी'ने संपतो. अशा जोड्या तर आरएनएत जागोजागी सापडतात! खरी जागा ओळखतात ते स्प्लायसिंग घटक. यू-१ हा छोटा आरएनए आणि त्याची प्रथिनं मिळून इंट्रॉनच्या सुरुवातीला बसतात, अक्षराला अक्षर जुळवून. यू-१सी हे प्रथिन ती पकड घट्ट करतं. दुसऱ्या टोकाला यू२एएफची जोडी असते: मोठं प्रथिन यू-सी अक्षरांची रांग धरतं, धाकटं 'एजी' वाचतं. एक्झॉनवरची एसआर प्रथिनं यू-१ आणि यू२एएफ या दोघांनाही जवळ ओढतात; एचएनआरएनपी कुळातली प्रथिनं पुष्कळदा त्यांना अडवतात. मग यू-१चे भाऊबंद यू-२, यू-४, यू-५, यू-६ जमतात आणि इंट्रॉन फासासारखा वळून सुटतो.

हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात पहिल्या इंट्रॉनमध्ये १३० अक्षरं आहेत. त्यातलं पाचवं बदललं (अहवालातलं 'आयव्हीएस १-५' ते हेच) की यू-१ ची पकड सैल होते. मग आसपासच्या तीन खोट्या जागी कापाकापी होते, योग्य आरएनए थोडाच बनतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे. इंट्रॉनला 'कचरा' म्हणणाऱ्यांनी हे पाहावं.

यात ग्रहणाचा, नजरेचा काही संबंध नाही. पत्रिकेत ३६ गुण जुळले तरी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के असते. एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार मोजणाऱ्या रक्ततपासणीत बहुतेक वाहक ओळखू येतात.

लिफाफ्याच्या मागे मी त्या माउलीला हे सगळं काढून दाखवलं. धाकट्या मुलाचं रक्त ती सोमवारी द्यायला नेणार आहे.