सान सिरो

सान सिरो : इटलीतील मिलान शहराच्या पश्चिम भागातील फुटबॉल स्टेडियम. १९३५ ते २०२५ अशी नव्वद वर्षे ते मिलान महापालिकेच्या मालकीचे होते.

मुळात हे खासगी मैदान. ए. सी. मिलान क्लबचे अध्यक्ष, उद्योगपती पिएरो पिरेल्ली यांनी ते रेसकोर्सच्या शेजारी बांधून घेतले. भोवती धावपट्टी मुद्दामच ठेवली नाही, त्यामुळे प्रेक्षक थेट खेळाच्या काठाशी बसत. १९ सप्टेंबर १९२६ रोजी उद्घाटनाच्या सामन्यात शहरातल्याच इंटर या दुसऱ्या क्लबने यजमान मिलानला ६–३ असे हरवले.

महापालिकेने १९३५ मध्ये मैदान विकत घेतले आणि चार सुट्या स्टँडचे कोपरे वळणदार बांधकामाने जोडले. १९४७ पासून इंटरही इथेच खेळू लागला. गावातले दोन कट्टर वैरी असे एकाच घरमालकाचे भाडेकरू झाले.

स्टेडियमला आजची ओळख दिली ती १९५५ च्या विस्ताराने. जुने स्टँड न पाडता त्यांच्याभोवती व वर दुसरा मजला उभारला गेला. वर जाण्यासाठी जिन्यांऐवजी लांबलचक रॅम्प इमारतीभोवती फिरवले. बाहेरून दिसणाऱ्या तिरक्या पट्ट्या म्हणजे हेच रॅम्प. सामना सुटला की त्यांवरून माणसांच्या रांगा संथपणे खाली सरकतात. १९८० मध्ये स्टेडियमला जुझेप्पे मेआत्सा यांचे नाव दिले. ते दोन्ही क्लबांकडून खेळले, पण मुख्यतः इंटरचे. म्हणून मिलानचे चाहते ‘सान सिरो’च म्हणतात.

१९९० च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला आणि छप्पर आले. त्यासाठी काँक्रीटचे ११ गोल मनोरे उभारले. कोपऱ्यांतल्या चार उंच मनोऱ्यांवर छताच्या लाल तुळया टेकल्या आहेत. दिसायला भव्य, पण खाली ऊन-वारा पोहोचेना आणि हिरवळ टिकेना. शेवटी गवतात कृत्रिम धागे विणावे लागले. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात, ८ जूनला, कॅमेरूनने विश्वविजेत्या अर्जेंटिनाला १–० असा धक्का दिला तो इथेच.

सान सिरोऐवजी नवे स्टेडियम बांधण्याचा वाद अनेक वर्षे रेंगाळला. अखेर घाई झाली ती कायद्यामुळे: इटलीत ७० वर्षे पूर्ण झालेल्या सार्वजनिक वास्तूला वारसा-संरक्षण लागू होऊन ती पाडणे अडू शकते, आणि दुसऱ्या मजल्याची सत्तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये भरत होती. सप्टेंबरअखेर रात्रभर चाललेल्या सभेत नगरसेवकांनी विक्रीला मंजुरी दिली. सुमारे १९.७ कोटी युरोंना स्टेडियम व आसपासची जमीन दोन्ही क्लबांकडे गेली. शेजारीच नवे स्टेडियम बांधून जुन्याचा बराचसा भाग पाडण्याची त्यांची योजना आहे.