घरच्या बागेतल्या फुलांचं बी धरताना

आमच्या रोपवाटिकेत एक प्रश्न हमखास येतो: "मागच्या वर्षी तुमच्याकडून नेलेल्या झेंडूचं बी धरलं होतं. उगवलं छान, पण फुलं तशी आली नाहीत. असं का?" गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या याचं पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी बियांचं पाकीट पाहा. त्यावर 'संकरित' किंवा 'एफ-१' छापलेलं असेल, तर त्या झाडाचं बी धरू नका. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून ते बियाणं तयार केलेलं असतं. पुढच्या पिढीत ते गुण पुन्हा फुटून वेगळे होतात, आणि एकाच वाफ्यात उंच, बुटकी, एकेरी, गोंडेदार अशी सरमिसळ उगवते. मोठ्या गोंड्याचा झेंडू आणि पेटुनिया यांचं बाजारातलं बरंचसं बी असंच असतं. पाकिटावर 'सरळ वाण', म्हणजे संकर न केलेलं वाण, असेल तर खुशाल बी धरा. तसं वाण हवं असेल तर आम्हाला सांगा, तेच काढून देऊ. दरवर्षी नवं पाकीट विकत न्यायलाच हवं असं मुळीच नाही.

दसऱ्याच्या तोरणातली सुकलेली फुलं कुस्करून कुंडीत टाकायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्यातलं थोडं उगवतंही. पण बाजारातली फुलं बी जून व्हायच्या आत तोडलेली असतात, त्यामुळे त्यात पोचट बीच जास्त निघतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: बी कुठल्या फुलाचं धरायचं? आपल्याकडे टपोरी फुलं देवाला जातात आणि हंगाम सरता सरता झाडावर जे बारकं, किडकं उरतं त्याचं बी ठेवलं जातं. असं दोन-तीन वर्षं चाललं की फुलांचा आकार उतरायला लागतो. शेतकरी ज्वारीचं बियाणं ठेवतो तेव्हा मळणीआधीच भरलेली कणसं निवडून बाजूला काढतो. बागेतही तेच करा. बहर ऐन भरात असताना सगळ्यात निरोगी झाड हेरा, त्यावरच्या चार-पाच उत्तम फुलांच्या देठांना रंगीत दोरा बांधा आणि दोरा बांधलेलं फूल तोडायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. परडीत त्या दिवशी चार फुलं कमी पडली तरी चालतील.

झेंडूचं फूल झाडावरच पूर्ण वाळू द्या. पाकळ्यांखालची हिरवी वाटी तपकिरी झाली की फूल खुडा. वाळलेल्या पाकळ्यांचा झुबका ओढला की खाली काळ्या, सुईसारख्या बिया दिसतात आणि त्यांच्या टोकाला फिकट तूस असतं. काळा भाग भरीव लागला तर बी चांगलं. झिनियाच्या बाबतीत मधमाश्या आणि फुलपाखरं एका रंगाचे पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे एकच रंग टिकवायचा असेल तर जवळपास दुसरा रंग लावू नका. गोकर्णाला ही काळजी फारशी नाही. त्याचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलात होतं, म्हणून निळ्याचं निळं, पांढऱ्याचं पांढरं येतं. शेंग तपकिरी, कडक झाली की काढा. फार थांबलात तर ती पिळवटून उकलते आणि बिया उडतात.

गौरीच्या दिवसांत फुललेला तेरडा नंतर केसाळ, फुगीर शेंगा धरतो. या शेंगेची वेळ साधावी लागते. हिरवा रंग फिकट, पिवळसर झाला की शेंगेभोवती मूठ अलगद मिटा आणि बोटाने दाबा. शेंग मुठीतच फुटते, तिच्या पाच फाका आत वळतात आणि बी तळव्यावर येतं. बी पांढरं निघालं तर घाई झाली, तपकिरी हवं.

अबोलीचं याहून वेगळं. तिचं वाळलेलं बोंड पाणी लागलं की फुटतं, म्हणून पावसाची सर आली की बी लांब उडून जातं. वाळलेले तुरे खोलगट पातेल्यात ठेवा, पाणी शिंपडा आणि वर लगेच फडकं झाका. थोड्या वेळात तडतड आवाज येऊ लागतो. हे बी ओलं झालेलं असतं, तेव्हा त्याच दिवशी पेरलेलं बरं. 'दिल्ली' जातीच्या अबोलीला बी धरत नाही. तिच्या फांद्याच लावाव्या लागतात.

गुलबक्षीला एका फुलामागे एकच काळं बी येतं, दिसायला थेट मिऱ्यासारखं. ते विषारी आहे, सदाफुलीचं बीही तसंच. लहान मुलांपासून दोन्ही दूर ठेवा, आणि स्वयंपाकघरात तर ठेवूच नका. मोगरा, जास्वंद, गुलाब, निशिगंध यांच्या बियांच्या मागे लागू नका. फांदी, कलम किंवा कंदच लावा.

बी सावलीत, वर्तमानपत्रावर पसरून, आठ-दहा दिवस वाळवा. दुपारच्या उन्हात स्टीलच्या ताटात ठेवलेलं बी भाजून निघतं. बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणेशास्त्रातला ढोबळ नियम आहे. म्हणून वाळवण्यात कसूर नको, विशेषतः कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत. नीट वाळलेलं बी कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर नाव, रंग आणि महिना लिहा, आणि सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. तळाशी सिलिका जेलची पुडी टाका. ती नसेल तर कडक वाळवलेले मूठभर तांदूळ फडक्यात बांधून ठेवा. बरणी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात चालते, पण बाहेर काढल्यावर तासाभराने झाकण उघडा, नाहीतर गार बियांवर दव धरतं.

पेरणीआधी, मे महिन्याच्या अखेरीला, १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. ७ किंवा जास्त उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, ४-५ उगवल्या तर दाट पेरा. गोकर्णाचं बी टणक असतं, ते आधी रात्रभर भिजवा.

घरच्या गरजेपेक्षा जास्त बी निघालं तर आमच्याकडे आणून द्या आणि बदल्यात दुसऱ्या फुलाचं घेऊन जा. फक्त सरळ वाणाचंच आणा, पुडीवर फुलाचा रंग लिहा, आणि दोऱ्याच्या फुलांचं बी वेगळ्या पुडीत ठेवा.