लॉगिननंतरचा खोळंबा: स्क्रीन रीडर आणि कीबोर्डवरून स्टार्टअप प्रोग्राम आवरताना

पासवर्ड टाकून एंटर दाबला की एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, सुरू झाल्याची छोटी धून वाजते आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. बाणाची कळ दाबली तरी उत्तर नाही. नंतर एकदम तीन-चार आवाज एकमेकांवर आदळतात: मीटिंगच्या प्रोग्रामची खिडकी, क्लाउडवाल्याचं ‘साइन इन करा’, प्रिंटरची सूचना. डोळस माणसाला या वेळात पडद्यावर आयकॉन एकेक करून उमटताना दिसतात आणि संगणक कामात आहे हे कळतं. जो ऐकून काम करतो त्याला संगणक अडकला, स्क्रीन रीडर बंद पडला की आवाजच गेला, हे ओळखायला काही मार्ग नसतो. म्हणून स्टार्टअप प्रोग्राम, म्हणजे लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम, आवरण्याचं काम दृष्टिहीन वापरकर्त्याच्या दृष्टीनं जास्त गरजेचं आहे, आणि ते पूर्णपणे कीबोर्डवरून करता येतं. इथले टप्पे विंडोज 10 आणि 11 साठी आहेत. स्क्रीन रीडर म्हणून एनव्हीडीए धरला आहे. मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये सुरू केलेला हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम आपल्याकडेही भरपूर वापरला जातो.

आधी ही शांतता येते कुठून ते पाहू. स्क्रीन रीडर पडद्याचं चित्र वाचत नाही. तो समोरच्या प्रोग्रामला विचारतो: फोकस (दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा) कुठे आहे, त्या बटणाचं नाव काय, ते चालू आहे की बंद? हे प्रश्न विंडोजच्या सुगम्यता यंत्रणेतून जातात आणि उत्तर बहुतेक वेळा त्या प्रोग्रामच्या खिडक्या सांभाळणाऱ्या धाग्याकडून (थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत चालणारी कामाची एक साखळी) यावं लागतं. नुकताच उघडलेला प्रोग्राम नेमका याच वेळी फाइली वाचण्यात, इंटरनेटला जोडून घेण्यात गुंतलेला असतो. तो उत्तर देईपर्यंत स्क्रीन रीडर ताटकळतो. असं अडकून पडल्यास बाहेर पडण्यासाठी एनव्हीडीएमध्ये पहारा देणारी एक वेगळी यंत्रणा ठेवलेली आहे, पण तोवर दोन-तीन कळा वाया गेलेल्या असतात.

त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर परिस्थिती आणखी बिकट. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या डिस्कला विखुरलेली माहिती वाचायला दर वेळी दहा ते पंधरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरच्या आत वाचनं होतात. दहा प्रोग्राम एकाच वेळी शेकडो फाइली मागू लागले की रांग लागते आणि त्या रांगेत आवाजाचं इंजिनही उभं असतं. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, सेकंदाला हजारो वाचनं सहज करते, त्यामुळे हा भाग तिथे जवळपास नाहीसा होतो. फोकस हिसकावणाऱ्या खिडक्यांचा त्रास मात्र एसएसडीवरही तसाच राहतो.

हात घालण्याआधी आवाज सुरक्षित करा

पहिली तपासणी एनव्हीडीएचीच. एनव्हीडीए कळ (इन्सर्ट, किंवा तशी निवड केली असल्यास कॅप्स लॉक), कंट्रोल आणि जी एकत्र दाबा. जनरल सेटिंग्ज उघडतील. टॅबनं पुढे जात ‘साइन इन केल्यावर एनव्हीडीए सुरू करा’ आणि ‘साइन इन करताना एनव्हीडीए वापरा’ या अर्थाचे दोन्ही चेकबॉक्स चेक्ड आहेत का ते ऐका. दुसऱ्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. एनव्हीडीएची ही सुरुवात नेहमीच्या स्टार्टअप यादीतून होत नाही. ती विंडोजच्या सुगम्यता व्यवस्थेत वेगळी नोंदलेली असते. त्यामुळे पुढे ज्या यादीत आपण काटछाट करणार आहोत तिथे एनव्हीडीएचं नाव सापडलं नाही तर घाबरू नये. ते तसंच अपेक्षित आहे.

दुसरी गोष्ट, राखीव आवाज. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबल्यावर विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होतो आणि पुन्हा तेच दाबल्यावर बंद होतो. एनव्हीडीए गप्प झाला तर आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून तो परत सुरू करून पाहा, नाहीतर नॅरेटर. दोन्ही गप्प असतील तर दोष स्क्रीन रीडरचा नसून आवाजाचा आहे, हे निदान तिथेच होतं.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पेनड्राइव्हवरून चालवलेला, म्हणजे पोर्टेबल, एनव्हीडीए टास्क मॅनेजरमध्ये (चालू आणि स्टार्टअप प्रोग्राम दाखवणाऱ्या विंडोजच्या साधनात) मुका होतो. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात टास्क मॅनेजर वरच्या अधिकारांनी चालतो आणि साध्या अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामला विंडोज त्याच्यात डोकावू देत नाही. परवानगी विचारणारा सुरक्षित पडदाही पोर्टेबल प्रतीला वाचता येत नाही. रीतसर इन्स्टॉल केलेल्या एनव्हीडीएला ही अडचण नाही. पोर्टेबलच वापरायचा असेल तर टास्क मॅनेजरऐवजी सेटिंग्जमधून काम करावं.

यादी उघडणं आणि ऐकणं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज 10 मध्ये तो पहिल्यांदा आखूड रूपात उघडतो. त्यात फक्त चालू खिडक्यांची नावं असतात, टॅब नसतात, आणि कंट्रोल-टॅब दाबून काहीच होत नाही. अशा वेळी ऑल्ट आणि डी दाबून सविस्तर रूप घ्या. आता कंट्रोल-टॅब दाबत जा: प्रोसेसेस, परफॉर्मन्स, ॲप हिस्टरी आणि मग स्टार्टअप. विंडोज 11 च्या नव्या टास्क मॅनेजरमध्ये हीच पानं डाव्या पट्टीत गेली आहेत आणि शेवटच्याचं नाव स्टार्टअप ॲप्स झालं आहे, पण क्रम आणि कंट्रोल-टॅब दोन्ही तेच. पान आल्यावर टॅब दाबत यादीत शिरा आणि खालच्या बाणानं एकेक ओळ ऐका.

प्रत्येक ओळीत चार गोष्टी येतात: प्रोग्रामचं नाव, बनवणारी कंपनी, एनेबल्ड की डिसेबल्ड, आणि सुरुवातीवरचा परिणाम. नाव विचित्र वाटलं, समजा ‘आरटीके’नं सुरू होणारं काहीतरी ऐकू आलं, तर एनव्हीडीए कळ धरून टॅब दोनदा झटपट दाबा. नाव अक्षर-अक्षर सुटं करून वाचलं जाईल. मराठी आवाज लावलेला असताना इंग्रजी संक्षेप कानाला हमखास चुकीचे लागतात, म्हणून निर्णय घेण्याआधी स्पेलिंग ऐकणं चांगलं.

बंद करायचा प्रोग्राम सापडला की शिफ्ट-एफ10 दाबा. लॅपटॉपवर मेनूची वेगळी कळ बहुधा नसते, हे जोडबटण मात्र असतं. काही लॅपटॉपवर त्यासोबत एफएन कळही धरावी लागते. मेनूत बाणानं डिसेबलवर जा आणि एंटर दाबा. बदल झाल्याचं एनव्हीडीए आपणहून सांगेलच असं नाही. एक ओळ वर जाऊन परत खाली या आणि डिसेबल्ड ऐकू येतं का ते तपासा. त्याच मेनूत ‘ओपन फाइल लोकेशन’ आहे. अनोळखी प्रोग्राम कुठल्या फोल्डरातून चालतो हे त्यातून कळतं आणि तो कुणाचा आहे याचा अंदाज येतो.

डिसेबल केल्यानं काहीही पुसलं जात नाही. मूळ नोंद जागेवरच राहते. विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, वेगळ्या ठिकाणी तिच्यावर ‘चालवू नये’ अशी खूण करते. एनेबल केलं की खूण जाते. त्यामुळे चूक झाली तरी परत फिरता येतं, अट एवढीच की आवाज शाबूत हवा.

सेटिंग्जमधला रस्ता थोडा सोपा आहे. विंडोज कळ दाबून इंग्रजीत ‘स्टार्टअप’ टाइप करा आणि ‘स्टार्टअप ॲप्स’ ऐकू आल्यावर एंटर दाबा. टॅबनं एकेका प्रोग्रामच्या स्विचवर जाता येतं आणि स्पेसबारनं तो चालू-बंद होतो. नवशिक्याला हेच शिकवावं. सगळं चित्र एका ओळीत ऐकायचं असेल तर टास्क मॅनेजर बरा.

‘हाय’ ऐकून भुलू नका

परिणामाच्या रकान्यामागे ठरलेले आकडे आहेत. सुरुवातीला प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवर 3 एमबीहून अधिक वाचन-लेखन घेतलं तर ‘हाय’. 300 मिलिसेकंद ते एक सेकंद किंवा 300 केबी ते 3 एमबी असेल तर ‘मीडियम’. त्याहून कमी ते ‘लो’. नुकत्याच जोडलेल्या प्रोग्रामसमोर ‘नॉट मेझर्ड’ येतं.

हे आकडे उपयोगी आहेत, पण ऐकून काम करणाऱ्याचं खरं दुखणं त्यात मोजलेलंच नाही. 3 एमबी ही आजच्या प्रोग्रामच्या मानानं किरकोळ मर्यादा आहे. एसएसडीवर ‘हाय’ असलेला क्लाउड प्रोग्राम पार्श्वभूमीत गपचूप चालला तर जाणवतही नाही. उलट ‘लो’ असलेला एखादा चॅट प्रोग्राम लॉगिननंतर वीस सेकंदांनी खिडकी उघडतो, फोकस ओढून घेतो आणि तुम्ही ईमेलमध्ये टाइप करत असलेलं अर्धं वाक्य त्याच्या शोधचौकटीत जाऊन पडतं. म्हणून पहिला नंबर खिडकी उघडणाऱ्यांचा: मीटिंग, चॅट, संगीत, गेमचे लाँचर. दुसरा स्वतःहून बोलणाऱ्यांचा, म्हणजे अपडेट आणि जाहिरातीच्या सूचना देणाऱ्यांचा. आकड्यांनी जड असलेले त्यानंतर.

काही नोंदींना हात लावू नये. रिअलटेक किंवा ऑडिओ असं नाव असलेली नोंद राहू द्या. आवाज देणारा मूळ ड्रायव्हर या यादीत नसतो हे खरं, पण हेडफोनची पिन घातल्याचं ओळखणं, आवाज कुठे वळवायचा ते ठरवणं अशी कामं अशा सोबतच्या प्रोग्रामकडे असू शकतात, आणि तो बंद करून वाचणारा अर्धा सेकंद त्या धोक्याच्या मोलाचा नाही. ब्रेल डिस्प्लेसाठी (ब्रेल अक्षरं बोटांखाली उमटवणाऱ्या उपकरणासाठी) कंपनीनं दिलेला प्रोग्राम, टचपॅडचा सहायक, अँटिव्हायरस आणि विंडोज सिक्युरिटीचा आयकॉन हेही तसेच ठेवा. मराठी टायपिंगसाठी बाहेरचा प्रोग्राम वापरत असाल तर तोही यादीत असेल. विंडोजचाच मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांना मात्र असल्या नोंदीची गरज नाही.

एका वेळी एक किंवा दोनच प्रोग्राम बंद करा आणि मग रीस्टार्ट करा: विंडोज-एक्स, मग यू, मग आर. इंग्रजी विंडोजमध्ये ही अक्षरं चालतात. भाषा बदललेली असेल तर बाणानं मेनू ऐकावा. शटडाउन करून पुन्हा चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट बरा. बऱ्याच संगणकांवर फास्ट स्टार्टअप चालू असतं आणि शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं, त्यामुळे चाचणी खरी होते.

बंद केलेलं परत का उठतं

इथे लोक सगळ्यात जास्त वैतागतात, आणि कारणं निरनिराळी असतात. काही प्रोग्राम अपडेट झाले की स्टार्टअपमध्ये नवी नोंद घालतात. जुन्या नोंदीवरची ‘चालवू नये’ ही खूण नव्या नोंदीला लागू होत नाही. अशांना त्यांच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन ‘लॉगिनवर सुरू करा’ हा पर्याय काढावा. एज ब्राउझरमध्ये सिस्टिम विभागात स्टार्टअप बूस्ट नावाचा स्विच आहे. क्रोममध्ये तशाच विभागात, ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीतले ॲप चालू ठेवण्याचा स्विच असतो. आणि प्रोग्राम यादीत डिसेबल्ड असूनही खिडकी उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग साइन-इन ऑप्शन्स इथे जा. रीस्टार्ट होण्याजोगे ॲप आठवणीत ठेवून पुढच्या साइन-इनला परत उघडण्याचा एक स्विच तिथे आहे. तो ऑफ करा.

तरीही उठणारा प्रोग्राम टास्क शेड्युलरमधून (ठरवून दिलेली कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या साधनातून) किंवा सर्व्हिस (खिडकीशिवाय पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) म्हणून येत असेल. सर्व्हिसेसच्या यादीत फार खोल जाऊ नये. विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोनांपैकी एक जरी डिसेबल झाली तरी संगणकाचा आवाज जातो आणि तो परत आणायला डोळस माणूस किंवा ब्रेल डिस्प्ले लागतो. टास्क शेड्युलरमध्येही टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क या फोल्डरातलं काम बंद केलं तर शोधचौकटीत टाइप होणं थांबू शकतं. सगळ्या जागा एकत्र धुंडाळायच्या असतील तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला ऑटोरन्स आहे. त्याची कमांड लाइनवर चालणारी आवृत्तीही मिळते. तिचा निकाल मजकुराच्या फाइलमध्ये घेऊन नोटपॅडमध्ये निवांत ऐकता येतो.

एखादा प्रोग्राम मुद्दाम सुरुवातीला हवा असेल, तर विंडोज-आर दाबून इंग्रजी अक्षरांत ‘शेल’, लगेच कोलन, लगेच ‘स्टार्टअप’ असं जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरात प्रोग्रामचा शॉर्टकट कंट्रोल-व्हीनं ठेवा. मग त्या शॉर्टकटवर ऑल्ट-एंटर दाबून प्रॉपर्टीज उघडा, टॅबनं ‘रन’ या कॉम्बोबॉक्सवर जा, बाणानं ‘मिनिमाइज्ड’ निवडा आणि एंटर दाबा. प्रोग्राम सुरू होईल, पण खिडकी खाली राहील आणि फोकस तुमच्याकडेच राहील. सगळे प्रोग्राम हे ऐकत नाहीत. जो ऐकत नाही त्याला टास्क शेड्युलरमध्ये ‘ॲट लॉग ऑन’ हा ट्रिगर लावून एक मिनिटाचा उशीर द्यावा, म्हणजे तोवर एनव्हीडीए आणि डेस्कटॉप दोन्ही स्थिरावलेले असतात.