ला फॉलेट, रॉबर्ट मॅरियन
ला फॉलेट, रॉबर्ट मॅरियन : (१४ जून १८५५–१८ जून १९२५). अमेरिकन वकील, विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर, सिनेटर आणि तेथील प्रोग्रेसिव्ह (सुधारणावादी) चळवळीचे अग्रणी. जन्म विस्कॉन्सिनमधील प्रिमरोझ येथे, शेतकरी कुटुंबात. ते तान्हे असतानाच वडील वारले. १८७९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी पुढच्याच वर्षी वकिलीची सनद मिळवली आणि डेन काउंटीचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. पत्नी बेल केस यांनीही १८८५ मध्ये त्याच विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. तिथे ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

१८८५ ते १८९१ ते अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात होते. पराभवानंतर पुन्हा वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. राज्याच्या माजी खजिनदारांवरचा खटला ला फॉलेट यांच्या मेहुण्यांपुढे, न्यायाधीश सीबेकर यांच्यापुढे, चालणार होता. त्यात वजन वापरण्यासाठी लाकूडव्यापारी व सिनेटर फिलेटस सॉयर यांनी आपल्याला पैसे देऊ केले, असा आरोप ला फॉलेट यांनी केला. सॉयर यांनी तो नाकारला. पण स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षातील धनिकांशी ला फॉलेट यांचे वैर तेव्हापासून जुंपले. पक्षाच्या अधिवेशनात त्यांची गव्हर्नरपदाची उमेदवारी दोनदा हुकली. १९०० मध्ये मात्र ते गव्हर्नर झाले.

उमेदवार पक्षाच्या म्होरक्यांनी नव्हे, मतदारांनीच निवडावा, हा त्यांचा आग्रह १९०४ च्या सार्वमताने कायद्यात उतरला. रेल्वे कंपन्यांवर मालमत्तेच्या मूल्यानुसार कर बसला, त्यांच्या दरांवर देखरेख ठेवणारा आयोग आला. त्यांची प्रचाराची पद्धत अगदी साधी होती. विरोधी आमदाराच्या मतदारसंघात जायचे, सभागृहाची नोंदवही उघडायची आणि कोणत्या विधेयकावर त्याने कुठे मत दिले ते एकेक करून वाचून दाखवायचे. शिवीगाळ नाही, टोमणे नाहीत, फक्त नाव आणि मत. यापेक्षा प्रामाणिक प्रचार क्वचितच कोणी केला असेल.

१९०६ पासून मृत्यूपर्यंत ते सिनेटमध्ये होते. खलाशांना वेठबिगारीसारख्या करारांतून सोडवणारा १९१५ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ४ एप्रिल १९१७ रोजी जर्मनीविरुद्धच्या युद्धाचा ठराव सिनेटने ८२ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. त्या सहांत ते होते. सप्टेंबरमध्ये सेंट पॉल येथील भाषणात जर्मनीविरुद्ध आपल्या गंभीर तक्रारी आहेत, असे ते म्हणाले. असोसिएटेड प्रेसच्या बातमीत मात्र ‘तक्रारी नाहीत’ असे छापून आले. एका नकाराने देश पेटला. सिनेटमधून त्यांच्या हकालपट्टीची मागणी झाली आणि त्यांच्याच विद्यापीठातील ४०० हून अधिक अध्यापकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. वृत्तसंस्थेने चूक कबूल केली ती मे १९१८ मध्ये, आणि सिनेटने प्रकरण मिटवले ते युद्ध संपल्यावर, १९१९ च्या जानेवारीत. दरम्यान युद्धकाळातही नागरिकाला बोलण्याचा हक्क आहे, हे त्यांनी ६ ऑक्टोबर १९१७ च्या भाषणात सिनेटपुढे ठणकावून सांगितले होते.

टीपॉट डोम या सरकारी तेलक्षेत्राच्या, खाजगी कंपनीला दिलेल्या भाडेपट्ट्यांची चौकशी व्हावी, हा १९२२ मधील ठराव त्यांचाच. १९२४ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभे राहून त्यांनी सुमारे ४८ लाख मते (जवळपास १७ टक्के) मिळवली. राज्य मात्र एकच जिंकले, विस्कॉन्सिन. पुढल्या जूनमध्ये वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. रिकामी झालेली जागा त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी जिंकली आणि १९४६ मध्ये जोसेफ मॅकार्थी यांच्याकडून हरेपर्यंत राखली.