बावन्न फॅरनहाइटच्या पाण्यात उतरण्याआधी

तारकर्ली-मालवणला स्कूबा शिकलेल्या माणसाच्या डोक्यात समुद्र म्हणजे कोमट पाणी. २८ अंशांचा समुद्र, अंगात पातळसा सूट, कमरेला तीन-चार किलो शिसं, की मारली बुडी. हाच माणूस कधी नोकरीसाठी, कधी लेकीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियात पोहोचतो. सनीव्हेलहून गाडीने दीड तासावर मॉन्टेरी आहे हे त्याला कळतं. तिथल्या केल्पच्या, म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत माडासारख्या उभ्या वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या जंगलाचे फोटो बघून तो तारीखही ठरवून टाकतो. मग पाण्याचं तापमान बघतो: ५२. क्षणभर वाटतं, हे तर आंघोळीचं पाणी. मग ट्यूब पेटते. फॅरनहाइट. आपल्या हिशेबात ११ अंश.

तिथे सगळंच वेगळ्या मापात असतं. खोली फुटांत, शिसं पौंडांत, टाकीतला दाब पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पौंड या मापात. आपल्याकडे तोच दाब बारमध्ये मोजतात; २०० बार म्हणजे साधारण २,९०० पीएसआय. हातमोज्यातली बोटं बधिर झालेली असताना पाण्याखाली भागाकार जमत नाहीत. ते घरीच करून पाटीवर लिहून न्यावेत.

पण आधी वारा समजून घ्यायला हवा. मॉन्टेरी काही ध्रुवाजवळ नाही. भूमध्य समुद्रातलं माल्टा जवळपास त्याच अक्षांशावर आहे आणि तिथे ऑगस्टमध्ये पाणी २५ अंशांच्या वर असतं. मग इथेच गारठा का? १८९३ मध्ये नॉर्वेचा शोधयात्री फ्रिट्यॉफ नान्सेन ‘फ्राम’ जहाज घेऊन आर्क्टिकच्या बर्फात अडकून राहिला, आणि मुद्दामच. त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ वाहत नाही, वाऱ्याच्या उजवीकडे सरकत जातो. यामागचं गणित वॉगन एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर एकूणात वाऱ्याच्या उजवीकडे, काटकोनात सरकतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला समांतर, वायव्येकडून वारा सुटला की त्याची उजवी बाजू म्हणजे खुला समुद्र. वरचं उबदार पाणी बाहेर निघून जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्यात, विशेषतः केरळच्या बाजूला, हे घडतं. फक्त तेव्हा आपण पाण्यात उतरत नाही.

खालून वर आलेलं पाणी नुसतं थंड नसतं, ते नायट्रेटने भरलेलं असतं. केल्पला तेच खत. सोयीच्या परिस्थितीत हे शेवाळ दिवसाला अर्धा मीटरही वाढतं. म्हणजे जो वारा तुम्हाला कुडकुडायला लावतो, तोच ते जंगल उभं करतो. कोमट पाण्यातलं केल्पचं जंगल मागायला गेलात तर ते मिळणार नाही.

याच खतावर सूक्ष्म वनस्पतीही माजतात आणि पाणी हिरवं, गढूळ होतं. वारा वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जोरात असतो. भारतातून येणारे आईवडील आणि शाळेच्या सुट्ट्या नेमक्या मे-जूनमध्ये जमतात आणि तेव्हाच समोरचा हात दिसेनासा होण्याची शक्यता जास्त. वारा मंदावतो तो शरद ऋतूत. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्यातल्या त्यात नितळ आणि उबदार काळ. उबदार म्हणजे १३-१४ अंश, उगाच हुरळून जाऊ नये.

फोटोतलं जंगल आज तिथे आहे का, हेही विचारून घ्यावं. २०१३ पासून तारामाशांना एका रोगाने गाठलं. तो एका जिवाणूमुळे होतो हे संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिलं. त्यापाठोपाठ समुद्रात उष्णतेची लाट आली. सूर्यफुलासारखा दिसणारा मोठा तारामासा जवळपास नाहीसा झाला, त्याचं खाद्य असलेले काटेरी सी अर्चिन मोकाट सुटले आणि त्यांनी केल्प फस्त केलं. काही जागी आज जंगलाऐवजी उघडा खडक आणि जांभळ्या काट्यांचा गालिचा आहे. जुन्या फोटोंवर विसंबू नका.

आता लाटा. नवख्या किनाऱ्यावर माणूस समुद्राच्या हवामान-अंदाजात लाटेची उंची बघतो आणि शेजारचा आकडा सोडून देतो. तो असतो सेकंदांचा: एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेचा माथा येईपर्यंतचा वेळ. हा लाटेचा आवर्तकाल. माझ्या मते उंचीइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, बघायचं ते याच्याकडे. खोल समुद्रात लाटेची लांबी काढायची तर या सेकंदांचा वर्ग करून त्याला दीडने, नेमकं सांगायचं तर १.५६ ने, गुणायचं. ८ सेकंदांची लाट झाली १०० मीटर लांब. १६ सेकंदांची ४०० मीटर. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. म्हणजे पहिली ५० मीटरवर विरते, दुसरी २०० मीटरपर्यंत जाणवते.

तुम्ही १२ मीटरवर तळाशी आहात आणि वर दीड मीटरच्या लाटा आहेत, असं धरा. आवर्तकाल ८ सेकंद असेल तर पाणी तुम्हाला साधारण सव्वा मीटर पुढे-मागे झुलवेल. १६ सेकंद असेल तर सव्वातीन मीटर. उंची तीच. पहिल्या दिवशी तुम्ही केल्पच्या बुंध्याशी निवांत रेंगाळाल, दुसऱ्या दिवशी त्याच बुंध्यावर आपटाल. असा लांब पल्ल्याच्या लाटांचा फुगारा हजारो किलोमीटर दूरच्या वादळातून येतो. त्यामुळे मॉन्टेरीला ऊन पडलेलं असतं, वारा नसतो, समुद्र तलावासारखा दिसतो, आणि दर सोळा सेकंदांनी काहीतरी मोठं येऊन किनाऱ्यावर फुटतं. वाळूत बसून वीस मिनिटं नुसतं बघत राहावं. पाच मिनिटांत मोठ्या लाटांचा जथा दिसेलच असं नाही.

कार्मेलजवळच्या मोनॅस्टरी बीचवर हे सगळं एकत्र येतं. समुद्राखालची दरी अगदी किनाऱ्याजवळ आलेली. लाटेला तळ लागून तिचा जोर कमी व्हायला वावच नाही, ती थेट काठावर फुटते. वाळू जाड आणि उतार तीव्र, पाय रुतून घसरतो. तिथे इतके लोक दगावलेत की स्थानिकांनी त्याला ‘मॉर्च्युअरी बीच’ असं नाव पाडलंय. तळातलं दृश्य अप्रतिम असेलही. पहिल्या सहलीत नको.

पहिल्या दिवसासाठी मॉन्टेरीतलाच ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या धक्क्याजवळची जागा, बरा. तटरक्षक दलाच्या धक्क्याचा आडोसा, सपाट वाळू, शेजारी भुंकणारे सी लायन, आणि पाण्यात एका जुन्या पाइपच्या बाजूने गेलं की १५ मीटरवर पांढऱ्या फुलांच्या ताटव्यासारख्या अॅनिमोनींचं, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांचं शेत. कार्मेलजवळच्या पॉइंट लोबोस या राखीव क्षेत्रात जायचं तर आधी जागा राखावी लागते, डायव्हिंगचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं आणि एकट्याला प्रवेश नाही. लाटा वाढल्या तर कुठे जायचं, आणि कुठेच जायचं नाही असं कधी ठरवायचं, हे बडीबरोबर, म्हणजे बुडीतल्या जोडीदाराबरोबर, आदल्या रात्रीच बोलून घ्यावं. सकाळी सूट चढवल्यावर कोणाच्याच तोंडून ‘नको’ निघत नाही.

थंडीबद्दल. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. ७ मिलिमीटर जाडीचा वेटसूट आपल्याला वाचवतो तो त्याच्या रबरातल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे. २० मीटरवर दाब तिप्पट झाला की ते बुडबुडे एक तृतीयांश होतात. सूट पातळ होतो, ऊब घटते आणि तरंगण्याची शक्तीही जाते. वर तरंगवणाऱ्या या सुटाला बुडवायला दहा किलोच्या आसपास शिसं लागतं, आणि खाली सूट आक्रसला तरी शिसं तेवढंच राहतं. मालवणचा आकडा इथे कामाचा नाही. वजनाची चाचणी उथळ पाण्यात घ्यावी. बुडीच्या शेवटी टाकीतली दोनेक किलो हवा संपलेली असते, ते वजन धरूनच. आत पाणी न शिरू देणारा, हवा भरलेला ड्रायसूट उबदार खराच, पण त्यातली हवा पायांकडे गेली की माणूस उलटा होऊन वर सुटू शकतो. त्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. सहलीत भाड्याने घेऊन प्रयोग करू नयेत.

हवेचं गणित असं. ११ लिटरची टाकी, २०० बार. परतीचा आणि अडचणीचा साठा सोडून वापरायला १,५०० लिटर धरू. मालवणला ८ मीटरवर (दाब १.८ पट, म्हणून हवाही तितकीच जास्त लागते), पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला ती ४१ मिनिटं पुरते. इथे २० मीटरवर, थंडीने आणि लाटेशी झुंजून श्वास २५ लिटरवर गेला, तर २० मिनिटं. शिवाय केल्पच्या दाट छपरातून पृष्ठभागावर पोहत येणं म्हणजे जाळ्यातून सरपटणं. त्याखालून परतण्याइतकी हवा हवीच.

रेग्युलेटरचंही, म्हणजे टाकीतली हवा श्वासाच्या दाबावर आणून तोंडात देणाऱ्या झडपेचंही, तसंच. दाबातली हवा सुटताना प्रसरण पावते आणि गार होते. आधीच थंड पाण्यात त्यावर बर्फ धरून झडप उघडी अडकू शकते आणि टाकी भसाभसा रिकामी होते. युरोपीय मानकात १० अंशांखालचं पाणी ‘थंड’ धरतात. मॉन्टेरी त्या रेषेवर आहे. थंड पाण्यासाठीचाच रेग्युलेटर मागून घ्यावा.

एक गोष्ट मात्र माझ्याही अंदाजाच्या उलट निघाली. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने २००७ मध्ये दाखवलं की तळाशी ऊब आणि वर येताना गारठा, ही जोडी डीकंप्रेशनच्या आजाराला, म्हणजे दाब उतरताना अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याला, सर्वांत जास्त निमंत्रण देते. तळाशी उबदार रक्त ऊतींमध्ये भरपूर नायट्रोजन पोहोचवतं. वर येताना त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की तो बाहेर पडायला वाट उरत नाही. वेटसूटमधल्या माणसाची बुडी नेमकी अशीच जाते. म्हणून हुडहुडी भरेपर्यंत थांबू नये. बोटं जड वाटली की परत फिरावं आणि वर येताना ५ मीटरवर घ्यायचा थांबा लांबवावा.

उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे. गाडीने लेक टाहोला जाणंही तेव्हा नको. ते तळंच १,८९७ मीटर उंचीवर आहे. हा वेळ घालवायला मॉन्टेरीचं मत्स्यालय आहे, १९८४ पासून. त्यातली केल्पची टाकी साडेआठ मीटर उंच. तिच्यात खाडीचंच पाणी खेळवतात आणि केल्पला झुलतं ठेवायला लाटांचं यंत्र लावलंय. काचेसमोर कोरड्या कपड्यात, हातात गरम कॉफी घेऊन उभं राहायचं. पानं एका अंगाला झुकतात, थबकतात, परत येतात, आणि आपण नकळत सेकंद मोजू लागतो.