सीएमएस-३०१ ही क्रिएटिव्हची खास चिप नव्हेच

पुण्याच्या जुन्या बाजारात जुनं साउंड कार्ड (संगणकातून आवाज काढणारं कार्ड) शोधणाऱ्यांना हमखास ऐकवलं जातं: क्रिएटिव्ह कंपनीच्या १९८७च्या म्युझिक सिस्टिम कार्डावरची (हेच कार्ड पुढे गेम ब्लास्टर नावाने विकलं गेलं) ‘सीएमएस-३०१’ ही कंपनीची स्वतःची चिप, आता कुठून मिळणार! साफ चूक. चिपवर चिकटवलेला पांढरा कागद सोलला की खाली निघते फिलिप्सची एसएए१०९९, तेव्हा कुणालाही विकत मिळणारी. कार्डावर अशा दोन चिप: एकीत एका वेळी सहा आवाज, दोघींत बारा, तेही स्टिरिओ. क्रिएटिव्हच्याच नंतरच्या साउंड ब्लास्टर १.५ कार्डावर या चिपसाठीच दोन सॉकेट रिकामी ठेवलेली असत. साध्या एसएए१०९९ बसवा, जुन्या गेमचं संगीत वाजू लागतं. म्हणून नुसत्या ३०१च्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. मात्र तुमच्या कार्डावर तो कागद शाबूत असेल तर कृपा करून सोलू नका.