बापाच्या खांद्यावरून पाहिलेलं फुटबॉल: इंग्लंडमधल्या उभ्या टेरेसची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये आज साठीच्या आसपास असलेल्या माणसांच्या लहानपणच्या फुटबॉल-आठवणी चाळल्या, तर त्याच त्या गोष्टी पुन्हा भेटतात. कुणाला टर्नस्टाइलवरून, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकावरून, उचलून आत सोडलेलं असतं, कुणाला लोखंडी कठड्यावर बसवलेलं, तर कुणाला डोक्यांवरून हातोहात सरकवत पार पुढच्या भिंतीपाशी पोचवलेलं. हे सगळं घडायचं ते गोलमागच्या टेरेसवर, म्हणजे खुर्च्या नसलेल्या पायऱ्यांच्या उतारावर, सामना उभ्याने पाहायचा म्हणून. इंग्लिश लीगच्या वरच्या दोन विभागांतली ही टेरेस १९९४ पर्यंत बहुतेक ठिकाणी संपली. ती का आणि कशी संपली, याचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. राख, कोळशाचा चुरा, शहरातला राडारोडा यांचा ढीग रचायचा आणि त्यावर लाकडी पायऱ्या ठोकायच्या, अशी ती टेरेस होती. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९०२ साली उंच लाकडी टेरेस मोडली आणि २५ माणसं खाली पडून मेली. त्यानंतर मातीच्या भरावावर काँक्रीटच्या पायऱ्या आणि मधेमधे रेटा अडवणारे कठडे, ही रचना रुळली. बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर १९४६ मध्ये गर्दीच्या रेट्यात ३३ जण गेले. तरी मैदानांच्या सुरक्षेचा कायदा यायला १९७५ उजाडलं, तोही आयब्रॉक्सच्याच एका जिन्यावर १९७१ मध्ये ६६ बळी गेल्यावर.

पोरांची जागा कळायची तर कठडा आधी समजून घ्यावा लागतो. त्याची उंची साधारण १.१ मीटर. उतार आणि दोन कठड्यांमधलं अंतर यांनुसार तो मीटरमागे सुमारे ५०० किलोपर्यंतचा रेटा झेलेल, असा बांधायचा असतो. गर्दी वरून खाली ढकलते, म्हणजे कठड्याच्या वरच्या अंगाला उभा असलेला माणूस त्यावर दाबला जातो आणि मैदानाच्या अंगाला, कठड्याला पाठ लावून उभा असलेला सुटतो. मुरलेला प्रेक्षक म्हणूनच कठडा पाठीशी घ्यायचा आणि पोराला पुढे धरायचा. सात-आठ वर्षांच्या मुलाला वरच्या अंगाला उभं केलं तर तोच दांडा त्याच्या गळ्याशी येतो. गोल झाला की सगळी टेरेस चार-पाच पायऱ्या खाली घसरायची. अशा वेळी दुधाच्या क्रेटवर किंवा घरून आणलेल्या स्टुलावर उभं असलेलं पोर पहिलं कोसळायचं, कारण पाय टेकायला वीतभरही जागा नसायची. कठड्यांच्या रांगांमधल्या मोकळ्या फटी एकाखाली एक आल्या, तर त्यांतून रेटा थेट खालपर्यंत धावायचा. मोकळं दिसतं म्हणून नवखे नेमके तिथेच उभे राहायचे.

पुढची भिंत मुलांची. लिव्हरपूल संघाच्या ॲनफील्ड मैदानावरची कॉप ही गोलमागची मोठी टेरेस, तिच्या कोपऱ्यात मुलांसाठी वेगळा, जाळीबंद कप्पा होता. त्यातून निसटून मुख्य टेरेसवर उतरणं हा सामन्याइतकाच रंगणारा खेळ. टर्नस्टाइल पायाच्या खटक्याने सुटायचं आणि आकडा फिरवायचं. वरून उचलून दिलेलं किंवा खालून सरपटत गेलेलं पोर त्या आकड्यात यायचंच नाही. जुन्या सामन्यांची छापील उपस्थिती वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. शिवाय सामना संपायच्या थोडं आधी बाहेर पडायचे दरवाजे उघडत आणि बाहेर ताटकळलेली मुलं शेवटची काही मिनिटं फुकट पाहून घेत.

सत्तरच्या दशकात मारामाऱ्या वाढल्या तशी दोन बाजूंच्या प्रेक्षकांची फाळणी झाली. मध्यंतराला एका गोलमागून दुसऱ्या गोलमागे जायची रीत बंद पडली. मैदानाच्या कडेने उंच कुंपण आलं आणि टेरेसचे उभे पिंजरे झाले. आधी रेटा बाजूला पसरू शकत होता आणि अगदीच नाइलाज झाला तर पोराला भिंतीपलीकडे मैदानात उतरवता येत होतं. पिंजऱ्यांनी या दोन्ही वाटा बुजवल्या.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर हेच जिवावर बेतलं. बाहेर गर्दी तुंबली म्हणून २:५२ ला एक मोठा दरवाजा उघडला गेला. आधीच भरलेल्या मधल्या दोन पिंजऱ्यांकडे नेणारा बोगदा कुणी अडवला नाही. बाजूचे पिंजरे विरळ होते, पण तिकडे जायची वाट कुणी दाखवली नाही. एकेका पिंजऱ्यात किती माणसं गेली हे मोजायची सोयच नव्हती. सामना थांबला ३:०६ ला. मृतांचा आकडा अखेरीस ९७ वर गेला.

चौकशीचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला आणि त्याने सगळीकडे खुर्च्या बसवायची शिफारस केली; वरच्या दोन विभागांना ती पुढे सक्तीची झाली. वादाचं मूळ इथे आहे. उभ्याने पाहणं मुळातच असुरक्षित नाही, हे याच अहवालात मान्य केलेलं आहे. दहा चौरस मीटरमागे ५४ माणसांची मुभा होती, ती ४७ वर आणून तात्पुरता उपायही झाला. कुंपण काढणं, प्रत्येक भाग वेगळा मोजणं, वाटा खुल्या ठेवणं, या दुरुस्त्या खुर्च्यांविनाही होण्याजोग्या होत्या. हिल्सबरोच्या आधी चारच वर्षं ब्रॅडफर्डच्या मैदानावर ५६ माणसं गेली होती, ती बसायच्या लाकडी स्टँडला लागलेल्या आगीत. फळ्यांखाली वर्षानुवर्षं साठलेला कचरा पेटला आणि मागचे दरवाजे बंद होते. पुढे कुंपण नव्हतं, म्हणूनच बाकीचे मैदानात उतरून वाचले.

खुर्च्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहेच. खुर्ची आली की डोकी आपोआप मोजली जातात, तिकीट एका जागेला बांधलं जातं, रेटा साखळीसारखा पसरत नाही. पण त्या निर्णयाचा खर्च पोरांच्या वाट्याला किती आला, हे फारसं कुणी मोजत नाही. बसायची जागा उभ्या प्रेक्षकांच्या खिशाला परवडेल अशी ठेवता येईल, असा अहवालाचा अंदाज होता. त्यासाठी आयब्रॉक्सचं उदाहरण दिलं होतं: बसून ६ पौंड, उभ्याने ४. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वरच्या विभागातल्या तिकिटांनी या अंदाजाची पार थट्टा केली. खिशातल्या चिल्लरवर एकट्याने सामन्याला जाणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा टेरेसबरोबरच नाहीसा झाला. खालच्या दोन विभागांना खुर्च्यांच्या सक्तीतून १९९२ मध्येच सूट मिळाली, त्यामुळे तिथे तो अजून भेटतो.

मग मैदानंच बदलत गेली. एके काळी सुमारे २८,००० माणसं सामावणारा कॉप ३० एप्रिल १९९४ ला शेवटचा उभा राहिला. खुर्च्या लागल्यावर तिथली क्षमता १२,००० च्या आसपास आली. संडरलंडचं रोकर पार्क १९९७ मध्ये बंद झालं, आर्सेनलचं हायबरी २००६ मध्ये. हायबरीच्या स्टँडच्या भिंती आत घेऊन तिथे घरं झाली आणि मैदानाच्या जागी बाग. वेस्ट हॅमचं अप्टन पार्क २०१६ ला गेलं. एव्हर्टनच्या गुडिसनवर पुरुष संघाचा शेवटचा सामना मे २०२५ मध्ये झाला. आता तिथे महिला संघ खेळतो.

वरच्या विभागांत उभ्याने पाहणं २०२२ पासून परतलं आहे, पण वेगळ्या रूपात. प्रत्येक रांगेपुढे सलग दांडा, त्यात घडीची खुर्ची, आणि एका खुर्चीमागे एकच माणूस. स्कॉटलंडला खुर्च्यांची सक्ती लागू नसल्याने ग्लासगोच्या सेल्टिक पार्कवर ही सोय २०१६ पासूनच होती. रेट्याचा प्रश्न यात जवळपास सुटतो, कारण आपल्या रांगेपलीकडे घसरायला वावच उरत नाही. मुलांचा प्रश्न मात्र सुटत नाही. प्रेक्षकाला किती दिसेल याचं गणित पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याची नजर किती सेंटिमीटर वर जाते यावर चालतं, आणि ते मोठ्या माणसाच्या उंचीवर मांडलेलं असतं. रांगांमध्ये ४० सेंटिमीटरची चढण धरली, तरी १.२ मीटर उंचीच्या मुलाची नजर पुढच्या पायरीपासून दीड मीटरवर येते. पुढे १.७ मीटरचा माणूस उभा असेल तर मुलाला त्याची पाठ दिसते. खुर्चीवर चढून उभं राहायला मनाई असते. त्यामुळे मुलाला घेऊन जाणारे जाणते लोक गोलमागची जागा घेत नाहीत. सगळे बसून पाहतात अशा कुटुंबांच्या विभागाचं तिकीट ते आधीच काढून ठेवतात.